उजवीकडं दांडी, डावीकडं बटनं

आमच्या जवळा बाजार गावची जी पोरं शिकून पुण्याला कामाला लागली, ती दिवाळीला गावी आली की हमखास त्याची आठवण काढतात. हॉटेलात चहा घेताना एकमेकांना टाळ्या देत सांगतात, काय अवली माणूस होता, औषधाच्या कपाटात त्यानं व्हिडिओ गेम बसवला होता, दांडी उजवीकडं आणि बटनं डावीकडं! मग एखादा माझ्याकडं वळून विचारतो, "काका, तुमी तर त्यांच्या जवळचे ना?" मी हो म्हणतो. जवळचा होतोच. माझ्या हातून त्याचं जेवढं वाटोळं झालं तेवढं एखाद्या वैऱ्याच्या हातूनही झालं नसतं, आणि त्यासाठी माणूस जवळचाच असावा लागतो.

गाव त्याला वायरमन म्हणायचं. आम्ही दोघं कापसाच्या एकाच जिनिंगमध्ये होतो. तो तिथला वायरमन, मी हजेरीचा कारकून. शेठच्या गादीशेजारी माझं टेबल होतं म्हणून सगळे मला मुनीमजी म्हणायचे. वयानं आम्ही बरोबरीचे, पण मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. तो भीमनगरात राहायचा, मी बाजारगल्लीत. हे असंच चालत आलं होतं आणि मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्याच्या सवयी सांगायच्या तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. कोणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी भिंतीवरचं बटन खाली-वर करून बघायचा. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला की मग बसायचा. एकदा एका मयतीच्या घरीही त्यानं हेच केलं आणि बायकांनी रडता रडता त्याच्याकडं बघितलं. जिनिंगचा खाकी शर्ट नोकरी गेल्यावरही अंगात असायचा, खिशाला टेस्टर लावलेला. बटनांशी तो बोलायचा. "बोल माय," म्हणून दाबायचा आणि कान पुढं करायचा. विकत घ्यायचं बटन तो शंभरदा दाबून बघायचा, दुकानात उभा राहून, मोठ्यानं मोजत. हार्डवेअरवाला वैतागून जायचा. म्हणायचा, "अरे बाबा, दोनदा दाब, चारदा दाब, गिऱ्हाईक उभं आहे." हा आपला बावन्न, त्रेपन्न, चोपन्न.

एकदा शहाण्णवदा नीट चाललेलं बटन सत्त्याण्णवाव्या वेळी चुकलं आणि त्यानं ते परत ठेवलं. दुकानदार म्हणाला, "एकदाच तर चुकलं." तर हा म्हणाला, "कधीच न ऐकणारं बटन परवडलं शेठ. मानूस सावध राहतो. हे असं नव्व्याण्णवदा ऐकणारं लय खतरनाक. त्याच्यावर इसवास बसतो."

दुकानातले लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण तो कोणत्या बटनाविषयी बोलत होता ते त्या दुकानात फक्त मला ठाऊक होतं.

ते सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काहीच समजायचं नाही. जिनिंगमध्ये सरकी काढायची सहा मशीनं एका ओळीत होती. सहाही सुरू असली की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्यातल्या चार नंबरच्या मशीनचं बंद करायचं लाल बटन कधी चालायचं, कधी चालायचं नाही. वायरमननं दुरुस्तीच्या रजिस्टरात दोनदा लिहिलं होतं की हे बटन बदलावं. रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. शेठला मी दोन्ही वेळा दाखवलं आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, सीझन उतरल्यावर बघू. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती, मशीन तासभरही थांबवायची त्यांची तयारी नव्हती.

पौषातल्या एका सकाळी चार नंबरमध्ये कापूस अडकला. मी हजेरीपट घेऊन दारात उभा होतो. वायरमननं डाव्या हाताच्या अंगठ्यानं लाल बटन दाबलं. मी बघितलं. दाबून तो थोडा थांबलाही. बाकीच्या पाच मशीनांच्या आवाजात हे बंद पडलं की नाही ते कानाला कळायचं नाही, बटनावरच भरवसा ठेवावा लागायचा. त्यानं ठेवला आणि उजवा हात आत घातला. मशीन चालू होतं. उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

चौकशीला सरकारी साहेब येणार होते त्याच्या आदल्या दिवशी हिंगोलीहून माणूस येऊन चार नंबरला नवं बटन बसवून गेला. शेठनं मला बोलावलं. धमकी दिली नाही, लालूचही दाखवली नाही. मी आज ते लोकांना सांगितलं तर खोटं वाटेल. त्यांनी नुसतं रजिस्टर पुढं सरकवलं आणि म्हणाले, "हे पान खराब झालंय मुनीमजी. तुमी समजदार आहात." मी पान फाडलं. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं सांगितलं की बटन चांगलं होतं आणि त्यानं ते दाबल्याचं मी पाहिलेलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं, मी सही केली. चांगली वळणदार सही आली.

कागदावर त्याचा निष्काळजीपणा ठरला. नोकरी गेली, भरपाई मिळाली नाही. पण त्याला जे लागलं ते वेगळंच. चालू मशीनमध्ये हात घालणारा वायरमन, असं त्याचं नाव झालं. लोक घरच्या फिटिंगला त्याला बोलवेनात. पिऊन आला असेल, असंही कोणी कोणी म्हणायचं, आणि हा माणूस सुपारीसुद्धा खात नव्हता. सगळ्यांत वाईट म्हणजे त्याच्या बायकोलाही ते खरं वाटायचं. वहिनी, आता ती हयात नाही, दिवसभर लोकांच्या रानात कापूस वेचायची आणि घरी आली की त्याला ऐकवायची. मी तिथं बसलेला असताना कितीदा ऐकलं आहे: "येवढं बटन दाबाया काय झालं व्हतं? बोट टेकवायचं तर काम व्हतं."

तो म्हणायचा, "दाबलं व्हतं."

ती म्हणायची, "मंग मशीन काहून चालू राह्यलं?"

याचं उत्तर माझ्यापाशी होतं. मी चहा प्यायचो.

तुम्ही विचाराल, एवढं करून त्याच्या घरी जायचोच कशाला? मलाही नीट सांगता येत नाही. आठवड्यातून दोनदा तरी पाय तिकडं वळायचे. त्याला काही हवं-नको बघावं, त्याच्या पोरीच्या शाळेचा दाखला आणून द्यावा, असं करून मला बरं वाटायचं. चांगुलपणाची हौस फार स्वस्तात भागते.

गेमच्या पेटीचं खूळ त्याच्या डोक्यात अपघातानंतर तीन-चार वर्षांनी शिरलं. हात दाखवायला तो नांदेडला गेला होता, तिथं बसस्टँडजवळ त्यानं पहिल्यांदा व्हिडिओ गेमचं दुकान पाहिलं. आल्यावर मला सांगत होता. पडद्यावर काय होतं, विमान होतं की मारामारी, हे त्याला काही आठवत नव्हतं. तो तासभर फक्त खेळणाऱ्यांचे हात बघत उभा होता.

"एक पोरगं हारलं मुनीमजी. म्हने, मी दाबलं व्हतं, बटननंच ऐकलं न्हाई. तर मालक त्याला म्हनतो कसा, बटन चांगलं हाय, तुलाच खेळता येत न्हाई. हाकलून देलं त्याला." थोडा वेळ तो आपल्या दोन बोटांच्या हाताकडं बघत राहिला. "मी आसं मशीन करीन, जिथं बटनाचा दोष बटनालाच लागंन."

बंद पडलेल्या एका दवाखान्याचं औषधाचं लाकडी कपाट त्यानं उचलून आणलं. त्यावर पांढऱ्या रंगात चौकोन आखून 'ताप', 'खोकला', 'जुलाब' असं लिहिलेलं होतं. वरच्या दोन फळ्या काढून तिथं जुना रंगीत टीव्ही बसवला. आत टीव्हीला जोडायचा साधा व्हिडिओ गेम, नांदेडच्या फुटपाथवर मिळतो तसला, कॅसेट घालायचा. इथपर्यंत सगळं पंधरा दिवसांत झालं. खरा घोळ पुढं होता. खेळायचं कशानं? त्या गेमसोबत आलेला प्लास्टिकचा रिमोट पोरांनी चार दिवसांत मोडला असता. पेटीला दांडी हवी, बटनं हवीत, आणि जवळ पैसा म्हणाल तर वहिनीच्या वेचणीचाच. त्या दांडी-बटनांच्या निवडीत त्यानं पाच महिने घालवले.

घराच्या बेलचं बटन सगळ्यांत स्वस्त. त्यानं दोन आणली, मोजून दाबली आणि टाकून दिली. म्हणाला, "हे मुकं हाय. दाबलं का न्हाई ते दाबणाराला कळंना. बटनानं हूं म्हनलं पायजे." रिक्षाच्या हॉर्नचं बटन बघितलं, ते जोरात दाबावं लागायचं, लेकरांचा अंगठा दुखला असता. टेपरेकॉर्डरची बटनं खोलून बघितली, ती एकदा दाबली की आतच बसून राहायची. एवढ्यात हार्डवेअरवाल्यानं त्याच्या बाजूनं चांगलाच विचार करून मोटारीच्या स्टार्टरचं लाल-हिरवं बटन काढून काउंटरवर ठेवलं. म्हणाला, "हे घेऊन जा. अरे, कारखान्यात चालतं ते. दहा वर्षं बघायचं काम नाही." मी शेजारी उभा होतो. वायरमननं त्या लाल बटनाकडं बघितलं, बोट लावलं नाही, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून गेला. दुकानदार मला म्हणाला, "हात गेला तो गेला, डोकं पण गेलं." मी त्याच्या हो ला हो म्हटलं. मला दुसरं काय येत होतं?

त्या रात्री की दुसऱ्या दिवशी, मी ठरवलं की आपण त्याला तयार सेट आणून द्यायचा. नांदेडला असल्या पेट्यांचं सामान विकणारा एक दुकानदार होता. चांगली लोखंडी दांडी, वर लाल गोळा, सोबत सहा रंगीत बटनं. महिन्याच्या पगारातला चांगला लचका गेला. मी ते रंगीत कागदात बांधून आणलं. त्यानं ते ओट्यावर मांडलं, एकेक बटन दाबायला घेतलं. मी समोर बसलो. वहिनी दारात तांदूळ निवडत होती. चार बटनं पार पडली. पाचवं साठाच्या आसपास एकदा चुकलं. त्यानं सगळा सेट पुन्हा कागदात बांधला, दोरी होती तशी घातली आणि माझ्यापुढं ठेवला.

"चार तर चांगली आहेत की," मी म्हणालो. "ती घे, पाचवं बदलून आणतो."

"न्हाई मुनीमजी. तुमी आनलं हेच लय झालं. पन तुमच्या हातचं बटन मला नगं."

त्यानं ते इतक्या साधेपणानं म्हटलं की वहिनी मान वर न करता तांदूळ निवडत राहिली. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. याला माहीत आहे, सगळं माहीत आहे, असं त्या दिवशी मला कळलं. पान फाडलं ते कळलं असेल की नाही कोण जाणे, पण मी दारात उभा होतो आणि बटन दाबताना माझं तोंड त्याच्याकडं होतं, हे तो विसरलेला नव्हता. तरी त्यानं मला हाकलून दिलं नाही. चहा पाजला. मीही प्यालो. तो सेट अजून माझ्या माळ्यावर आहे.

शेवटी त्याला हवी ती बटनं भंगारात सापडली. परभणीच्या एका भंगारवाल्याकडं झेरॉक्सची दोन मोडकी मशीनं पडून होती, त्यात दाबलं की कट् असा आवाज करणारे बारके स्विच होते. त्यानं किलोच्या भावानं घेतले. एकेक शंभरदा दाबला, चाळीसातले अकरा पास झाले. त्या बारक्या स्विचवर दाबायला काहीतरी टोपण हवं, तर कपाटासोबत आलेल्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं बसवली आणि खाली सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे. दांडीसाठी फवारणीच्या पंपाची स्प्रिंग, आणि वर मुठीत मावेल असा जुन्या जीपच्या गिअरचा गोळा. हे सगळं प्लास्टिकच्या रिमोटच्या आतल्या पट्टीला तारांनी जोडायचं. डाव्या हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी, उजव्या हाताला पकड नाही, म्हणून सोल्डरची तार दातात धरायचा. तो तसा वाकून काम करत असला की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो. मला ते बघवायचं नाही.

दांडी त्यानं उजवीकडं बसवली. सगळ्या जगात ती डावीकडं असते. मी त्याला सांगितलंसुद्धा, नांदेडला बघितलंस ना, दांडी डाव्या हाताला असते, बटनं उजव्या हाताला. तो म्हणाला, "माझ्या उजव्या हाताला दोन बोटं हायत. त्यानं बटनं दाबू का? गोळा धरता येतो तेवढा. डाव्याला पाची बोटं हायत, त्यानं दाबीन."

"पण खेळणार गाव. तुझ्या एकट्याच्या हातासाठी..."

"गावाला दोनी हात चांगले हायत. गाव शिकंन."

आणि गाव शिकलं! हीच तर गंमत आहे. जवळ्यातल्या पोरांनी आधी कधी असली पेटी बघितलीच नव्हती. त्यांना वाटलं हे असंच असतं. भीमनगराच्या तोंडाशी टिनाच्या खोलीत ती पेटी लागली, बाजाराच्या दिवशी तर आजूबाजूच्या खेड्यांतून बापासोबत आलेली पोरं तिथं रांगा लावायची. कपाटाच्या पडद्याखालच्या पट्टीवर 'खोकला' हा शब्द शिल्लक राहिला होता, म्हणून पोरं म्हणायची, चल खोकला खेळायला. दोन-तीन वर्षांत आमच्या गावची पोरं उजव्या हातानं दांडी फिरवण्यात तरबेज झाली. मग त्यातली काही नांदेडला शिकायला गेली आणि तिथल्या पेटीपुढं उभी राहिली तर दांडी भलत्याच बाजूला. ती पोरं हातांची फुली करून, उजवा हात डावीकडं आणि डावा उजवीकडं घेऊन खेळायची. नांदेडची पोरं हसायची म्हणे, जवळ्याची आली बघ फुलीवाली. सुट्टीत गावी आल्यावर ती त्याच्याशी भांडली, काका, आमची इज्जत गेली. तो खो खो हसला. त्याला इतकं हसताना मी त्या सगळ्या वर्षांत तेवढंच बघितलं.

पण त्या खोलीत त्यानं एक नियम केला होता, तो मला छळायचा. हरलेलं पोरगं जर म्हणालं, काका, मी दाबलं होतं, बटननं ऐकलं नाही, तर तो त्याला कधीही खोटं पाडायचा नाही. खेळ थांबवायचा. पोराला शेजारी स्टुलावर बसवायचा, ते बटन शंभरदा दाबायचा. बटन शंभरच्या शंभर वेळा चालायचं. पोराचं तोंड उतरायचं. आणि हा नाणं परत द्यायचा, नाहीतर नवा खेळ लावून द्यायचा. "तू दाबलं म्हनतूस ना? मंग दाबलंच."

पोरं काय, तीही बेरकी. महिन्याभरात जो तो हरला की बटनाचं नाव घ्यायला लागला. वहिनी कपाळाला हात लावायची. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, सगळी खोटं बोलतात. तुझ्या तोंडावर खोटं बोलतात आणि तू फुकट खेळवतोस."

"बोलू द्या. धा जनांतली नऊ खोटी आसतीन. धाव्याचं काय करू मी?"

रांगेतली पोरं माझ्याकडं बघत होती आणि मी खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसला.

हे असं तीन-चार वर्षं चाललं. परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. आमचे शेठ वारले, पोरांनी जिनिंग विकली, नव्या मालकानं मला ठेवून घेतलं. बसस्टँडवर कोणीतरी चार तयार पेट्या आणून लावल्या, दांड्या डावीकडं, आणि मोठी पोरं पंधरा दिवसांत तिकडं वळली. वायरमनकडं शाळेच्या खालच्या वर्गातली लेकरं तेवढी राहिली. नव्या मालकाला वायरमन हवा होता. कोणीतरी याचं नाव सुचवलं, डाव्या हातानं अजून नंबर एक काम करतो म्हणून. मालक वयानं लहान, बाहेरून आलेला, त्याला जुनं काही माहीत नव्हतं. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं.

"काका, तुम्ही त्या वेळी होतात. जुन्या फायलीत लिहिलंय, यानं बटन न दाबता हात घातला. तो म्हणतो दाबलं होतं. माणूस भरवशाचा असेल तर घेतो मी. तुम्ही काय पाहिलं?"

आता बघा. शेठ मेलेले. फाडलेलं पान जळून राख झालेलं. मला कोणाची भीती नव्हती, कोणाचं मिंधेपण नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. चार शब्द. मालक पेन हातात धरून थांबला होता. आणि माझ्या मनात काय आलं, तर हा विचारेल, मग तेव्हा का नाही सांगितलं? एवढंच. त्या एका प्रश्नाला मी घाबरलो.

"मला काही दिसलं नाही साहेब," मी म्हणालो. "मी दारात होतो."

मालकानं दुसरा माणूस घेतला. मी त्या दिवशी घरी आलो, जेवलो, मला झोपही लागली. स्वतःची किळस येणं वेगळं आणि झोप न येणं वेगळं, लोक उगाच दोन्ही एकत्र सांगतात.

चार दिवसांनी त्याच्याकडं गेलो. जाणं टाळलं असतं तर त्याला कळलं असतं म्हणून गेलो, पण त्याला कळलेलंच होतं. दुपारची वेळ, शाळा सुटायची होती, खोलीत कोणी नव्हतं. तो पेटीपुढं उभा राहून एकटाच विमानाचा खेळ खेळत होता, अंगठा आणि करंगळीत जीपचा गोळा धरून. फार सुंदर खेळायचा तो. मी बाजूला उभा राहिलो. पडद्यावरून नजर न हलवता तो बोलला.

"नव्या मालकानं तुमाला इचारलं म्हने."

मी म्हणालो, "हो."

"मला वाटलं व्हतं, आता तरी."

मी काहीतरी बोलायला लागलो, काय ते आता आठवत नाही, फाईल, सरकारी कागद, असलं काहीबाही. त्यानं मला अडवलं.

"असू द्या. तुमी वाईट न्हाईत मुनीमजी. वाईट असते तर मी भांडलो असतो, कवाच भांडलो असतो. तुमी भेता. भेणाऱ्या मानसासंगं काय भांडावं?"

त्यानं पुढं खेळ चालू ठेवला. थोड्या वेळानं शाळा सुटली, पोरं आली, आणि मी निघालो. त्यानंतरही मी जात राहिलो. त्यानंतरही त्यानं मला चहा पाजला. याविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तो गेला तो अचानक गेला. सकाळी छातीत कळ आली, औंढ्याला न्यायला जीप मिळेपर्यंत संपला होता. साठीही आली नव्हती. जलदान विधीच्या दिवशी त्याच्या दारात मांडव घातला होता. भंतेजींची वंदना झाली, चार लोक बोलले. एकानं सांगितलं की मुलांवर त्यांचं फार प्रेम होतं. आणखी एकानं सांगितलं की अपंगत्वावर त्यांनी मात केली. बटनाचं कोणी बोललं नाही. मी मागं खुर्चीवर बसलो होतो. माझं मनाशी ठरलं होतं की आज सांगायचं. उठून माईक हातात घ्यायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचं. लोक जेवून उठेपर्यंत मी ठरवतच बसलो.

मांडव रिकामा झाला तसं वहिनीनं मला आत बोलावलं. पोरगी सासरच्या माणसांना सोडायला गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, रडून झालेलं दिसत होतं.

"मुनीमजी, एक इचारते. त्या दिवशी तुमी तिथं व्हते. त्यानं बटन दाबलं व्हतं का?"

मी म्हणालो, "दाबलं होतं."

"तुमी सोता पायलं?"

"पाहिलं. डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबलं, थोडा थांबला, मग हात घातला. बटन खराब होतं वहिनी. त्यानं दोनदा लिहून दिलं होतं. ते पान मी फाडलं."

बोलून टाकलं आणि मला एकदम हलकं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण खरंच हलकं वाटलं. वाटलं, ती मला शिव्या देईल, चप्पल मारील, आणि मग माझी सुटका होईल. बाहेर जाऊन मी सगळ्या गावाला सांगेन.

तिनं शिव्या दिल्या नाहीत.

"पहिले पहिले तो म्हनायचा, दाबलं व्हतं म्हनून," ती म्हणाली. "मी म्हनायचे, लबाड बोलतूस. मंग त्यानं म्हननंच सोडलं. ज्या दिवशी गेला त्या दिवशी सकाळी बी मी त्याला बोलले. बटन दाबलं असतं तं हे दिवस आले नसते, म्हनलं. तो हातात कप घेऊन बसला व्हता. काईच बोलला न्हाई."

मी म्हणालो, "वहिनी, मी आत्ता बाहेर जाऊन सांगतो सगळ्यांना. पंचायतीत सांगतो. लिहून देतो."

"नगं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "आता कोनालाच सांगू नका. लोक मला इचारतीन, परक्याचं खरं वाटलं, नवऱ्याचं काहून वाटलं न्हाई? पोरगी इचारंन. मी काय सांगू तिला? तुमी आजवर गप राह्यले तसेच गप राहा. ते तुमाला जमतं."

मी बरं म्हणालो.